सायलेन्सरचे वेल्डिंग पुन्हा पुन्हा का तुटते : नवशिक्या वेल्डरांसाठी

दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखाने सुरू झाले की सोलापूर जिल्ह्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकांची वर्दळ वाढते आणि त्याच सुमारास अक्कलकोट रस्त्यावरच्या, होटगी रस्त्यावरच्या गॅरेजांत एक तक्रार वारंवार ऐकू येऊ लागते : “मालक, मागच्याच आठवड्यात सायलेन्सरला वेल्डिंग मारून घेतलं होतं, परत फाटलं.” गाडीवाल्याचा संशय रॉडवर असतो, वेल्डरचा पातळ पत्र्यावर. गाडीखाली शिरून काजळी पुसून पाहिले तर बहुतेक वेळा असे दिसते की मागच्या वेळी मारलेला रन, म्हणजे वेल्डिंगच्या धातूची ओळ, जसाच्या तसा शाबूत आहे आणि तडा त्याच्या कडेने, मूळ नळीच्या पत्र्यातून गेलेला आहे. सांधा तुटलेला नसतो, सांध्याशेजारची नळी तुटलेली असते. हे लक्षात न घेता त्याच जागी आणखी एक जाड रन चढवला, तर पुढचा तडा त्या जाड रनाच्या कडेने जातो, एवढाच काय तो बदल होतो.

आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेल्या, किंवा हेल्पर म्हणून लागून आता स्वतः होल्डर हातात घेऊ लागलेल्या मुलांसाठी हे लिहीत आहे. आर्क धरणे आणि सपाट पत्र्यावर सरळ रन मारणे येते असे गृहीत धरले आहे. सायलेन्सरचे काम त्याहून वेगळे असते, कारण इथला धातू पातळ, मळलेला, तापणारा आणि सतत हलणारा असतो.

तडा वाचणे

होल्डर उचलण्याआधी तडा कुठून सुरू झाला ते शोधावे. इंजिन पूर्ण थंड असताना, तारेचा ब्रश मारण्यापूर्वी एकदा नीट पाहून घ्यावे, कारण गळतीच्या जागी काजळीचा काळा पंखा उमटलेला असतो आणि ब्रश मारला की तो पुरावा पुसला जातो. शंका राहिली तर उघड्यावर थंड इंजिन सुरू करून मागच्या टोकावर जाड ओला फडका क्षणभर धरायला मदतनिसाला सांगावे. आतला दाब वाढला की गळतीच्या जागेवरून फुसफुस स्पष्ट ऐकू येते. बंद शेडमध्ये हे कधीही करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे तो आपल्याला चढतो आहे हे माणसाला कळत नाही.

तडा रनाच्या कडेला लागून, त्याला समांतर गेला असेल तर ते थरथरीने आलेल्या थकव्याचे लक्षण समजावे. नळी दिवसभर सूक्ष्म वाकत राहते. जाड, ताठ रन वाकत नाही, पातळ पत्रा वाकतो, आणि जिथे ताठ भाग संपून वाकणारा भाग सुरू होतो त्या रेषेवर सगळा ताण गोळा होतो. त्यातच रनाच्या कडेला अंडरकट, म्हणजे जास्त करंटने खणली गेलेली बारीक खाच, राहिली असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. पातळ नळीवर मोठा, फुगीर रन म्हणजे मजबूत काम हा समज म्हणूनच खोटा आहे. रन बेताच्या उंचीचा असावा आणि त्याची कड पत्र्यात सपाट मिसळलेली असावी.

तडा रनाच्या मध्यातून लांबीने गेला असेल तर कारण वेगळे असते. तिथे रन गरजेपेक्षा बारीक झालेला असतो, किंवा तेल, रंग आणि काजळी वितळत्या धातूत मिसळून गोठता गोठताच तो फाटलेला असतो. रनाच्या अगदी शेवटी चांदणीसारखी चीर दिसली तर रॉड झटक्यात उचलला गेला आणि क्रेटर, म्हणजे रनाच्या टोकाला राहणारा खळगा, भरला नाही असे समजावे. सुईच्या टोकाएवढी भोके ही पोरॉसिटी होय. आणि पूर्ण रनच खपलीसारखा सुटून आला, खाली नळीची जुनी चकचकीत कड तशीच दिसली, तर तो रन नळीत कधी मुरलाच नव्हता, नुसता वर बसला होता. करंट कमी असला किंवा आर्कचा रोख एकाच बाजूवर राहिला तर असे होते.

शेवटी एक स्क्रूड्रायव्हर घेऊन तड्याच्या आसपासचा पत्रा टोचून पाहावा. पत्रा दबला किंवा आरपार गेला तर तिथे वेल्डिंग करण्यात अर्थ नाही. गंजून कागद झालेल्या नळीला रन धरायला धातूच उरलेला नसतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तुकडा बदलावा लागेल हे मालकाला आधी सांगावे.

हा गंज बहुतेकदा आतून येतो आणि त्याचा पावसाशी फारसा संबंध नसतो, त्यामुळे सोलापूरच्या कोरड्या हवेत तो कुठून आला असा प्रश्न नव्या मुलांना पडतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरेसा तापतो आणि ती वाफ बाहेर पडते. सात रस्त्यावरून नवी पेठेत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा सायलेन्सर मात्र तापायच्या आतच इंजिन बंद होते आणि धुरातल्या आम्लांचा अंश मिसळलेले पाणी तळाशी साचून राहते. म्हणूनच अनेक सायलेन्सरांना तळाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. ते गळतीचे भोक समजून बुजवणारे वेल्डर मी पाहिले आहेत. ते बुजवू नये.

धातू ओळखणे

चुकीचा रॉड वापरला जाण्याचे मुख्य कारण म्हणजे सगळ्या नळ्या एम.एस.च्या, म्हणजे माइल्ड स्टील या साध्या पोलादाच्या, आहेत असे धरून चालणे. जुन्या गाड्यांत आणि बाजारात बनवून मिळणाऱ्या सायलेन्सरांत साधा एम.एस. पत्रा असतो, काहींत त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, जो फिकट चंदेरी दिसतो. कंपनीने बसवलेल्या बऱ्याच नळ्या आता ४०९ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, ज्यात साधारण ११ टक्के क्रोमियम असते. महागड्या किंवा हौसेने बसवलेल्या सायलेन्सरांत ३०४ आढळते. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते.

नवशिक्या इथे चुंबकावर विसंबतो आणि फसतो. चुंबक चिकटला नाही तर ते ३०४ असण्याचा संभव मोठा आहे, जरी त्याच नळीच्या बेंडवर किंचित ओढ जाणवू शकते. पण चुंबक घट्ट चिकटला म्हणून तो एम.एस.च आहे असे होत नाही, कारण ४०९ ला चुंबक तितकाच घट्ट चिकटतो आणि वापरात त्यावर तांबूस डागही पडतात. फरक गंजाच्या स्वरूपात दिसतो : एम.एस.चा गंज पापुद्रे धरून सुटतो, तर ४०९ वरचा तांबूस थर पातळ असतो आणि बारीक पॉलिश पेपर मारला की खाली स्वच्छ, पांढरट धातू लागतो.

एम.एस.साठी नेहमीचा ६०१३ रॉड किंवा सीओटू (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या) मशीनवर ०.८ मिलिमीटरची तांब्याचा मुलामा असलेली तार चालते. ३०४ ला ३०८एल, आणि एम.एस.ची नळी स्टेनलेसला जोडायची असेल तर ३०९एल वापरावे. ४०९ च्या दुरुस्तीतही ३०९एल कामास येते. स्टेनलेसवर ६०१३ मारला तर रन लागतो, दिसायलाही बरा दिसतो, पण मिसळून तयार झालेला धातू कडक आणि ठिसूळ होतो आणि लवकर गंजतो. ‘एल’ अक्षराचा अर्थ कार्बन कमी, म्हणजे ०.०३ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली, असा आहे. कार्बन जास्त असेल तर सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तो क्रोमियमशी संयोग पावतो, सांध्याच्या कडेला गंज रोखणारे क्रोमियम कमी पडते आणि नेमक्या त्या रेषेवर गंज धरतो. ४०९ ची खोड निराळी आहे : जास्त वेळ तापवले की त्याचे कण मोठे होतात आणि रनाची कड ठिसूळ बनते. त्यावर करंट बेताचा ठेवून, हात चालता ठेवून, छोटे रन मारावेत.

काय हलते आहे ते पाहणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते परत आलेल्या कामांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. माझ्याच हातची एक चूक सांगतो. शिकाऊ असताना एका टेम्पोचा सायलेन्सर लोंबकळत होता, म्हणून मी त्याच्या तुटलेल्या रबरी हँगरच्या जागी लोखंडी पट्टी मारून तो चासीला पक्का केला. काम इतके भक्कम झाले की मला अभिमान वाटला. आठ दिवसांत टेम्पो परत आला. पट्टी जागच्या जागी होती आणि पुढची नळी फ्लँजपाशी (बोल्टने जोडायच्या चकतीपाशी) अर्धी फाटली होती. ज्यांच्याकडे काम शिकत होतो त्या मिस्त्रींनी मला काही बोलण्याऐवजी इंजिन सुरू करून बॉनेट उघडले आणि रेस देताना इंजिन एका बाजूला किती झुकते ते दाखवले.

इंजिन त्याच्या रबरी माउंटवर डोलते, चासी तशी डोलत नाही, आणि सायलेन्सर या दोघांच्या मधोमध टांगलेला असतो. त्यातच उष्णतेने नळी लांबते. एक मीटर लांबीची एम.एस.ची नळी ४०० अंशांनी तापली तर सुमारे ५ मिलिमीटर वाढते आणि ३०४ ची सुमारे ७ मिलिमीटर. दोन्ही टोके करकचून बांधली तर ही वाढ कुठे तरी वाकून किंवा फाटूनच निघणार. म्हणून रबरी हँगर, जाळीदार बेलो (नळीतला लवचीक तुकडा) आणि स्प्रिंगचे बोल्ट असलेले जोड ही सगळी हलण्यासाठी दिलेली जागा आहे, आणि तिच्यावर रन मारून ती बंद करू नये. बेलो फाटला असेल तर त्याच्या जाळीवर टाके मारू नयेत. कापून नवा बसवावा.

तेव्हा गाडी तपासताना आधी इंजिन माउंट बसले आहे का, हँगरचे रबर फाटले आहे का आणि फ्लँजचे नट ढिले आहेत का ते पाहावे. पुढच्या नळीला आधार द्यायचाच असेल तर तो इंजिन किंवा गिअरबॉक्सवरून घ्यावा, म्हणजे आधार आणि नळी एकत्र हलतात. चासीवरून घेतला तर दोघांची ओढाताण होते. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरला हेच लागू पडते. शेतातल्या कच्च्या वाटेवर त्याचे वरचे टोक झोके घेत असते आणि सगळा भार खालच्या फ्लँजवर येतो. तिथे रनावर रन चढवण्यापेक्षा इंजिनावरून एक आधारपट्टी घेतलेली बरी. बॉनेटला बांधलेली पट्टी फार दिवस टिकत नाही.

तयारी

गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि अर्थिंगचा क्लॅम्प सांध्याच्या शक्य तितका जवळ, त्याच नळीच्या घासलेल्या जागेवर लावावा. क्लॅम्प दूर बंपरला लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा गाडीच्या वायरिंगमधून वाट काढू शकतो. ऑक्सिजन सेन्सर आधी सोडवून बाजूला ठेवावा. इंधनाची टाकी आणि नळ्या कुठून गेल्या आहेत ते पाहून त्या बाजूला ओले गोणपाट टाकावे, पाण्याची बादली हाताशी ठेवावी. नळी सोडवून बाकावर घेता येत असेल तर तेच करावे. उलटे झोपून मारलेला रन आणि बाकावर मारलेला रन यांत फरक पडतोच.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीत गंज, रंग आणि मुलामा ग्राइंडरने काढून धातू उघडा करावा. आतली काजळीही हात पोहोचेल तिथवर खरवडावी, कारण पोरॉसिटीचा मोठा भाग आतून येतो. जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पाइप सायलेन्सरसाठी वापरूच नये. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते, लोखंड वितळायला १५०० अंशांच्या वर जावे लागते, म्हणजे आर्क लागताच जस्ताची वाफ रनातून फुटून बाहेर येते. ती छातीत गेली तर रात्री थंडीताप भरतो. ब्रेक साफ करण्याच्या क्लोरीनयुक्त स्प्रेने पुसलेल्या जागेवर आर्क लावणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. पुसण्यासाठी ॲसिटोन वापरावे आणि ते पूर्ण उडू द्यावे.

तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तापताना चीर पुढे पळत नाही. नंतर ती भोकेही भरून घ्यावीत.

प्रत्यक्ष वेल्डिंग

नळीचा पत्रा साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर असतो. रॉडने करायचे तर २ मिलिमीटरचा ६०१३ आणि ४० ते ६० अँपिअर एवढ्यात काम होते. जाड रॉड लावून करंट वाढवला की भोक पडते, भोक भरताना आणखी भोक पडते, आणि शेवटी नळीवर धातूचा गोळा तयार होतो. दोन नळ्या टोकाला टोक लावून जोडताना फट शक्य तितकी कमी ठेवावी. आधी चार बाजूंना चार टाके समोरासमोर मारावेत, गाडीला लावून नळी कुठे घासत नाही ना ते पाहावे, आणि मगच पूर्ण रन घ्यावा. तोही एका दमात गोल न फिरवता समोरासमोरच्या बाजूंनी तुकड्यातुकड्याने घ्यावा. नळी ओढून, वाकवून फ्लँजपर्यंत आणली आणि तशीच ताणलेली जोडली, तर तो ताण सांध्यात कायमचा बंद होतो. वरच्या बाजूला हात पोहोचत नाही म्हणून तिथला रन सोडून देणे ही सर्वांत नेहमीची लबाडी आहे, आणि गळती नेमकी तिथूनच होते.

सीओटू किंवा आर्गन मशीनवर काम करणाऱ्यांसाठी सोलापुरातली एक खास अडचण सांगायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की शेडमध्ये मोठा कूलर नाहीतर फरशीवरचा पंखा लावला जातो, आणि त्याचा झोत सांध्याला हवेपासून झाकणारा गॅस उडवून नेतो. मग रन स्पंजासारखा भोकाळ होतो आणि दोष तारेला दिला जातो. रन मारताना पंख्याचे तोंड फिरवावे किंवा मधे पत्र्याचा आडोसा धरावा. गॅसचा प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटर पुरेसा असतो. तो फार वाढवला तर भोवरा होऊन उलट हवा आत ओढली जाते.

स्टेनलेसवर आर्गन वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. दोन्ही टोके कागदी पट्टीने बंद करून एका बाजूने गॅस सोडावा आणि दुसऱ्या बाजूला बारीक भोक ठेवावे. हे न केल्यास बाहेरून रन सोनेरी, देखणा दिसतो आणि आतून मात्र तो जळक्या साखरेसारखा काळा, खडबडीत होतो. त्या खडबडीत दाण्यांच्या फटींतूनच पुढे तडे आणि गंज सुरू होतात. ३०४ मधून उष्णता एम.एस.च्या मानाने फार हळू वाहते, त्यामुळे ती सांध्यापाशीच साचते आणि नळी वाकडी होते. रनांच्या मधे थांबावे. स्टेनलेसचा धूर श्वासात जाऊ देऊ नये, त्यात क्रोमियमची घातक संयुगे असतात. स्टेनलेससाठीचा तारेचा ब्रशही वेगळा ठेवावा, नाहीतर साध्या लोखंडाचे कण घासले जाऊन तिथे गंज उमटतो.

बिडाचा मॅनिफोल्ड

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर एकत्र करून नळीत सोडणारा भाग. बिडावर साधा रॉड मारून ‘बघू, टिकलं तर टिकलं’ असे म्हणणे हे मालकाचे पैसे घालवणे आहे. बिडात साधारण ३ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कार्बन असतो. साध्या रॉडच्या रनालगतचा भाग झटपट थंड होताना काचेसारखा कडक होतो आणि थंड होता होताच टणकन तडकतो. निकेलचा रॉड घ्यावा, तडा व्ही आकारात घासून काढावा, पूर्ण मॅनिफोल्ड सारखा तापवावा, आणि बोटाच्या दोन पेरांएवढा छोटा रन मारून तो लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोकावा. काम झाल्यावर पाणी किंवा पंख्याचा वारा न लावता राखेत नाहीतर कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर ठेवावा. दुसऱ्या दिवशी फ्लँजची तोंडे सपाट आहेत का ते सरळ पट्टी लावून पाहावे. वाकली असतील तर मशीनवर घासून घ्यावी लागतात, गॅस्केट जाड लावून भागत नाही.

काम झाल्यावर

स्लॅग, म्हणजे रनावर जमलेली कडक खपली, पूर्ण झाडून, ब्रश मारून रन सगळ्या बाजूंनी पाहावा. वरच्या बाजूसाठी छोटा आरसा वापरावा. नळी थंड झाल्यावर साबणाचे पाणी लावून, एका टोकाने हलकी हवा सोडून बुडबुडे येतात का ते बघावे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या भागात बारीकशी गळती राहिली तरी धुराच्या ठोक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, आणि इंजिनाचा कंट्रोलर गरज नसताना इंधन वाढवतो. ॲव्हरेज पडले, चेक लाइट लागली, अशी तक्रार मग वेगळ्याच मेकॅनिककडे जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकाच्या दुचाकींनाही ही गोष्ट लागू आहे.

धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या डब्यावर हातोडी चालवू नये. आतली चिनीमातीची जाळी एकदा फुटली की तुकडे पुढे जाऊन वाट अडवतात. तो कापून आतून रिकामा करून द्या, किंवा बुलेटचा आवाज मोठा करून द्या, अशी मागणी घेऊन येणारे गिऱ्हाईक परत पाठवावे. ते काम बेकायदा आहे.

नवा रंग लावायचा असेल तर उष्णता सहन करणाराच लावावा. गाडी देताना, चांगली तापेपर्यंत चालवून आणि पुन्हा पूर्ण थंड होऊ देऊन फ्लँजचे नट एकदा आवळून घ्यायला यावे असे मालकाला सांगावे. नवीन गॅस्केट पहिल्या एकदोन तापण्यांत दबते, नट ढिले पडतात, आणि नळी थरथरू लागते. हंगामात ट्रॅक्टरवाला फक्त नटांसाठी थांबायला तयार नसतो, म्हणून आम्ही त्याच्याच पान्याने ते कसे आवळायचे हे गाडी सोडण्यापूर्वी त्याला दाखवून ठेवतो.